त्याला येतो, घरात येत न्हाई

परवा एका मित्राला फोन लावला तर उचलला त्याच्या आईनं, म्हणजे काकींनी. मित्र मोबाइल चार्जिंगला लावून दूध आणायला खाली गेला होता, आणि रिंग काही थांबेना म्हणून काकींनी तो हातात घेतला होता. फोन घ्यायची त्यांची पद्धत अजून तीच. आधी बारीकसं खाकरणं, मग "कोन बोलतंय?" मी नाव सांगितलं. पलीकडं क्षणभर काहीच नाही. मग एकदम, "आरं तू व्हय! किती वर्सांनी रं. तुजा फोनच येत न्हाई आता." मी म्हटलं, "काकी, येतो की. एक दिवसाआड आमचं बोलणं असतंय." त्यावर त्या सहज बोलून गेल्या, "त्याला येतो बाबा. घरात येत न्हाई." आणि लगेच गुडघ्यांवर घसरल्या. मग गल्लीत कुणी घर विकलं, कुणाच्या नातीचं ठरलं, माझ्या आईनं एकदा दिलेल्या चटणीच्या डब्याचं झाकण अजून त्यांच्याकडं कसं आहे, हे सगळं झालं. मित्र परत आला तेव्हा मी त्याला कशासाठी फोन केला होता हेच डोक्यातून गेलं होतं. डोक्यात राहिलं ते काकींचं तेवढं एक वाक्य.

कारण त्यांचा फोन हा एकेकाळी आमचाही फोन होता.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत पहिला फोन आला तो त्यांच्याकडं. काकांची मार्केट यार्डात गुळाची अडत. सौदे उरकले की गुजरातच्या व्यापाऱ्यांना दर कळवायचे, तिकडची मागणी विचारायची, म्हणून दुकानात एक आणि घरी एक. बाकीच्यांनी अर्ज भरून ठेवलेले होते आणि ते अर्ज वर्षानुवर्षं कुठंतरी पिकत पडले होते. जास्त पैसे भरले की ओवायटीत, म्हणजे 'ओन युवर टेलिफोन' योजनेत, नंबर लवकर लागायचा, पण तेवढे पैसे असलेली माणसं आमच्या गल्लीत राहत नव्हती. त्यामुळं काकींच्या सोप्यात, भिंतीतल्या फळीवर, क्रोशाच्या विणलेल्या रुमालाखाली बसलेला तो काळाकुट्ट, जड फोन अख्ख्या गल्लीचा झाला. रिसीव्हर उचलला की मनगटाला वजन जाणवायचं. त्याला बिडी, अत्तर आणि गूळ असा मिळून एक वास होता, आणि बोलताना आपलं तोंड आधीच्या माणसाच्या तोंडाच्या जागी असतं हे लक्षात येऊनही कुणाला त्याचं काही वाटत नसे. माझ्या वडिलांच्या दुकानाच्या पावतीवर तो नंबर छापलेला होता, शेजारी कंसात पी.पी., म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, आम्हाला बोलावून देतील. लग्नपत्रिकेवर, बायोडेटावर, शाळेच्या दाखल्याच्या अर्जावर तोच. सहा आकडी होता, पुढं २ लागून सात आकडी झाला. मला आज बायकोचा मोबाइल नंबर पाठ नाही. तो नंबर आहे.

फोन आला की काकी गॅलरीत यायच्या आणि हाक मारायच्या. नुसतं नाव नाही, त्यात बातमीही असायची. "बेळगावचा फोन!" म्हणजे मामा. "मुंबईचा फोन!" म्हणजे लालबागचे चुलते. हाकेच्या पट्टीवरनं गल्लीला कळायचं की बरं आहे की वाईट. आवाज चढलेला असला तर बारसं, नोकरी, निकाल. नुसतंच "जरा येऊन जा" असं खालच्या आवाजात आलं तर आई चुलीवरचं तसंच टाकून पदर सावरत पळायची, आणि समोरच्या दारातल्या बायकाही हातातलं काम थांबवून तिच्याकडं बघत राहायच्या. त्याआधीच्या ट्रंक कॉलचं वाट बघणं मला अंधुक आठवतं. १८० ला नोंदवायचा, साधा का अर्जंट ते सांगायचं, आणि मग बसून राहायचं. लाइटनिंग कॉल म्हणजे मरणाचा किंवा मोठ्या सौद्याचा, त्याचे पैसे ऐकूनच छातीत धस्स व्हायचं. लागला की पहिलं मिनिट "ऐकू येतंय का?" यात, दुसरं तब्येतीत, आणि मुद्द्याला हात घालेपर्यंत ऑपरेटर मध्ये येऊन तीन मिनिटं झाल्याचं सांगायचा. त्यामुळं आमच्या घरातली जुनी माणसं फोनवर कायम ओरडून बोलली. बेळगाव लांब आहे तर आवाजही तेवढा मोठा पाहिजे, हा हिशेब त्यांच्या लेखी अगदी सरळ होता.

पण काकी नुसती हाक मारत नव्हत्या. त्या बोलायच्या. मामांना आमच्या घरापर्यंतची खबर आम्ही पोचायच्या आतच मिळालेली असायची : कुणाला ताप आहे, वडील कुठं गेलेत, पाणी आलं का नाही. मला पुण्याच्या एका कंपनीकडनं मुलाखतीचा निरोप आला तो काकींनी घेतला, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिला, आणि मी घरी नाही म्हणून आधी आईला, मग वाटेत भेटलेल्या दोघींना सांगितला. संध्याकाळी मी तालमीच्या कोपऱ्यावर आलो तर कट्ट्यावरची पोरं मला "साहेब" म्हणायला लागली होती. कंपनीच्या त्या माणसाला काकींनी पगार किती देणार हेही विचारलं होतं, हे मला फार नंतर कळलं. त्यानं सांगितला होता म्हणे.

आता हे सगळं आठवून गहिवरायला होतं, पण त्या सोप्यातल्या फोननं किती जणांचा गळा आवळला तेही मी पाहिलंय. गल्लीतल्या एका मुलीचं मुंबईला ठरलं होतं. मुलगा रविवारी फोन करायचा. ती फळीशी उभी, झोपाळ्यावर काका वर्तमानपत्र धरून, जात्याजवळ आजी, दारात शेजारच्या दोघी. तिचं बोलणं म्हणजे "हं", "बरं", "हो", "हं". काल-परवा एका लग्नात ती भेटली, हसत म्हणाली, "माझा आवाज त्यांनी लग्न झाल्यावरच ऐकला बघ." प्रेमात पडलेल्यांचे हाल तर विचारू नका. नुसती रिंग वाजून बंद होणारे फोन, मोठ्या माणसानं उचलला की ठेवले जाणारे फोन, "राँग नंबर" म्हणताना थरथरलेले आवाज. आणि मग डायलच्या भोकात बसवलेलं ते छोटं पितळी कुलूप. आलेला फोन घेता येतो, आपण लावता येत नाही. त्या कुलपावरही गल्लीतल्या पोरांनी उतारा शोधला होता. रिसीव्हर ठेवायची खटकी नेमक्या लयीत तेवढ्या वेळा दाबायची : चार आकडा असेल तर चारदा, मध्ये थांबायचं, पुढचा आकडा. शून्याला दहा. हे जमायला बोटात ताल लागतो. आमच्यातल्या एकाचा हात असा बसला होता की कुलूप असूनही तो राजारामपुरीतल्या एका घरी रोज फोन लावायचा. ती मुलगी पुढं दुसऱ्याच कुणाची झाली. तो हल्ली सत्संगात तबला वाजवतो.

मग पिवळे बोर्ड आले. एस.टी.डी., आय.एस.डी., पी.सी.ओ. सॅम पित्रोदा आणि देशी टेलिफोन एक्स्चेंज बनवणाऱ्या त्यांच्या सी-डॉट या सरकारी संस्थेचं नाव वर्तमानपत्रात यायचं, आम्हाला त्यातलं एवढंच कळलं की आता ऑपरेटरच्या पाया पडायला नको. काचेच्या खोक्यात शिरायचं, आतला पंखा चालू असला तर नशीब, आणि डोळ्यांसमोर लाल आकडे पळताना बघत बोलायचं. पैशाचा आकडा समोर पळत असला की माणूस किती मुद्द्याचं बोलतो! रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून स्टँडजवळच्या आणि राजारामपुरीतल्या बूथवर साडेदहापासनं रांग. विद्यापीठात शिकायला आलेली बाहेरगावची पोरं, औषध कंपन्यांचे एमआर, मुंबईच्या गाडीतनं उतरलेलं कुणीतरी. आणि तालमीतली पोरं. सोलापूरकडची, मराठवाड्यातली, कान तुटलेली, टॉवेल खांद्यावर टाकून आलेली. अंगानं एवढी की दार लावल्यावर खोक्यात हलायला जागा नाही, आणि आतनं आवाज येणार, "आई, जेवलीस का? खुराकाचं तेवढं बघा की." दोन वाक्यांत फोन संपायचा. बाहेर आलं की बिलाचा कागद कर्रर्र करत निघायचा, तो नीट घडी घालून खिशात. एका बूथवाल्यानं मला सांगितलं होतं की सगळ्यात कमी बिल पैलवानांचं आणि सगळ्यात जास्त नव्या लग्नाच्या माणसांचं.

या बूथच्या दुसऱ्या टोकाला काय असायचं ते मी शिरोळ तालुक्यात पाहुण्यांकडं पाहिलं. सैनिक टाकळीच्या बाजूला. तिथं घरटी कुणी ना कुणी फौजेत, आणि गावात फोन किराणा दुकानात. पोराचा फोन सीमेवरनं कुठून तरी यायचा, नाव सांगायचा, "दहा मिनिटांनी परत करतो" म्हणून ठेवायचा. दुकानदार गिऱ्हाईक सोडून पोऱ्याला पिटाळायचा. पोऱ्या बोळातनं ओरडत पळायचा, तो पोचायच्या आधी बातमी पोचायची. आई यायची ती हात पिठाचे, पायात चप्पल एकच. शेजारणी मागं. सगळे दुकानाच्या फळीशी उभे, फोनकडं बघत. दहाची पंधरा व्हायची, वीस व्हायची. वाजला की ती नुसती रडायची. पलीकडचा पोरगा "आई, बोल की, पैसे चाललेत" म्हणायचा. मग शेजारीण तिच्या हातातनं रिसीव्हर घेऊन सगळं सांगायची, म्हशीपासून बहिणीच्या बाळंतपणापर्यंत, आणि दुकानदार मधनंच ओरडून एखादी राहिलेली गोष्ट जोडायचा. काश्मीर खोऱ्यात मोबाइल आला २००३ साली, तोवर तिकडं असलेल्या पोरांच्या खुशालीची वाट हीच. त्या एका फोनवर पोराशी आई अशी बोलतच नव्हती. गाव बोलायचं.

मोबाइलची सुरुवात झाली ३१ जुलै १९९५ ला, कोलकात्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला तेव्हापासून. पण ते आपल्यासाठी नव्हतं. मिनिटाला १६ रुपयांच्या वर, आणि आलेल्या फोनचेही पैसे. पहिल्यांदा मोबाइल घेतलेले शाहूपुरीतले एक व्यापारी मला आठवतात. फोन वाजला की ते स्क्रीनवरचा नंबर बघायचे, कापायचे, आणि समोरच्या दुकानात जाऊन तिथल्या लँडलाइनवरनं तो नंबर फिरवायचे. कमरेला मोबाइल, बोलणं उधारीच्या फोनवर. २००३ च्या मे महिन्यात इनकमिंग फुकट झालं आणि मग आमचा सुवर्णकाळ आला. मिस्कॉल! एक मिस्कॉल म्हणजे निघालो, दोन म्हणजे खाली ये, तीन म्हणजे बाबा घरात हैत, येऊ नको. एक पैसा न देता रंकाळ्यावर चौघंजण बरोब्बर एका वेळी जमायचो. समोरच्यानं चुकून उचलला तर शिव्या. "भावा, उचलतोस काय, मिस्कॉल होता!" माणसांनी एवढी अक्कल लावून फोन न करण्यासाठी फोन वापरला असं जगात दुसरीकडं झालं असेल तर असो, आमच्याइतक्या निष्ठेनं नक्कीच नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, बोलणं मोजायची गरज संपली, आणि मिस्कॉलची ही सगळी विद्या त्यावर्षीच बुडाली.

आता बोलणं फुकट आहे आणि कुणी बोलत नाही. हे वाक्य लिहिलं आणि मुलगी खांद्यावरनं वाचून म्हणाली, "पप्पा, हे सगळेच लिहितात." खरंय. आणि ती पुढं जे म्हणाली ते जास्त खरं होतं. तिच्या पिढीत आधी मेसेज करतात : फोन करू का? मला याची चीड येते. दोन गल्ल्या पलीकडचा माणूस परवानगी मागतो? आमच्या कोल्हापुरात कुणाच्या घरी जायचं तर खालूनच "हाय काय रं?" एवढी आरोळी पुरे, आणि उत्तर यायच्या आत माणूस जिन्यात असतो. ती म्हणाली, अचानक फोन वाजणं म्हणजे दार न वाजवता आत येणं. समोरचा रडत असेल, झोपला असेल, त्याला तुमच्याशी आत्ता बोलायचं नसेल. मग तिनं नेम धरून विचारलं, "तुमच्या त्या काकींना कधी विचारलं होतंत का? अख्ख्या गल्लीचे फोन घ्यायला त्यांना आवडत होतं का?"

नव्हतं विचारलं. त्या रविवारी मंगळवार पेठेत गेलो आणि विचारलं. काकी तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "लई वैताग यायचा बग. भाकरी तव्यावर, आन् हिकडं फोन. किती भाकरी करपल्या त्येचा हिशेब न्हाई. तुजा बेळगावचा मामा तर बरोब्बर जेवायच्या वक्ताला लावायचा." मग थोडं थांबून, "एकदा तर मी तारच काढून ठेवलो हुतो दोन दिस. गल्लीला सांगिटलं, बिघडलाय." हे ऐकून मी हसत सुटलो. आठवला मला तो बिघाड. १९८ ला तक्रार नोंदवायला वडील स्वतः दुसऱ्या गल्लीत गेले होते. "मग परत का जोडली, काकी?" "जोडतो न्हाई तर काय. दोन दिसात कुनाचं काय चाललंय कायबी कळंना."

एवढंच. त्यात त्यागबिग काही नव्हतं. गॅलरीतनं हाक मारणं हे त्यांचं कष्टाचं काम होतं आणि त्याची मजुरी त्या बातमीत वसूल करत होत्या. आज मित्राचा मोबाइल त्याच्या खिशात असतो, माझा माझ्या. मध्ये कुणी नाही. त्याची आई आजारी आहे हे तो सांगेल तर मला कळणार, आणि पुरुष माणसं हे सांगत नाहीत. आम्ही क्रिकेटवर बोलतो, ऊसदरावर बोलतो, तांबडा-पांढरा कुठला चांगला यावर भांडतो. काकींच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलंय हे मला त्या चुकून उचललेल्या फोनमुळं कळलं. त्याला विचारलं तर म्हणाला, "हां, सांगायचं राहिलं."

एकदाच मी हे मधलं माणूस परत आलेलं बघितलं, २०१९ च्या महापुरात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद, शहर बेटासारखं. पुरातल्या भागांत वीज गेलेली, त्यामुळं सगळ्यांचे मोबाइल हळूहळू मेले. चिखलीकडच्या माझ्या एका नातेवाइकाचा फोन लागेना. मग एका अनोळखी नंबरवरनं फोन आला, कुणीतरी पोरगा, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज केलेला. म्हणाला, "तुमची मावशी हितं शाळंत हाय, बरी हाय, गोळ्या संपल्यात. आनि कुनाला सांगायचं असंल तर सांगा, माझ्यासमोर तीस-चाळीस मानसं बसल्यात." त्या आठवड्यात अनोळखी नंबर कुणी कापला नाही. एका फोनवर अख्खी गल्ली बोलत होती, नावं विचारत होती, निरोप देत होती. पाणी ओसरलं, वीज आली, ज्याचा त्याचा फोन ज्याच्या त्याच्या हातात गेला. पुढच्याच वर्षी कोरोना आला आणि कुणालाही फोन लावला की आधी एक अनोळखी माणूस कानात खोकायला लागला. आता तर अनोळखी नंबर म्हणजे कर्ज देणारा, नाहीतर पोलिसाचा वेष घालून डिजिटल अटक करणारा. काकींसारखं कुणी "कोन बोलतंय?" म्हणून आत्मीयतेनं फोन घेतला तर बँकेतनं लाखभर रुपये जातील. मीही आईला सांगून ठेवलंय, नाव दिसत नसेल तर उचलू नको. सांगताना बरं वाटत नाही, पण सांगतो.

तरी सगळं संपलंय असंही नाही. आमच्याकडं नळाची कामं करणारे एक मामा आहेत. कळंबा रोडच्या चौकातला चहावाला हाच त्यांचा नंबर. टाकी गळायला लागली की चहावाल्याला फोन करायचा. तो आधी आपली चौकशी करणार, मग नळाची. "वॉशर असंल तर मामा येनार न्हाईत, बारक्याला धाडतो. पायपातनं असंल तर सांगा, उद्या सकाळी नऊला तुमच्या दारात. आनि मागच्या खेपंचं गीझरचं राह्यलंय तुमच्याकडं, त्ये तयार ठेवा." उधारीसकट सगळं त्याच्या डोक्यात. बायको म्हणाली, एवढं कशाला, मामांचाच नंबर घे की. मी मागितला. चहावाला पलीकडनं कप विसळत म्हणाला, "त्येंचा कशाला? त्ये उचलत न्हाईत."